उभ्याचं माप

प्लेट कशी असावी याबद्दल गोरक्षनाथाचं ठाम मत होतं, आणि ते तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. बरगडी न् बरगडी मोजता आली पाहिजे. हाडाची कड कशी खणखणीत दिसली पाहिजे. नाहीतर मग काढायची कशाला, भिंतीला टांगायला? नगरच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात तो अकरा वर्षं एक्स-रे काढत होता. डार्करूममधून प्लेट ओलीच बाहेर आणायची, खिडकीला धरायची आणि जिभेनं टक् करून स्वतःलाच शाबासकी द्यायची, ही त्याची सवय. गावाकडून, सोनईहून, कुणी पाहुणा आला तर त्यालाही दोन-चार जुन्या प्लेटा बघितल्याशिवाय चहा मिळायचा नाही.

अशा माणसाला कोबाल्टच्या प्लेटा वाचायला शिकवायचं म्हणजे डॉक्टर मनकर्णा भिंगारदिवे यांच्या सहनशक्तीची परीक्षाच होती.

कोबाल्टचं यंत्र हॉस्पिटलात आलं एकाहत्तर साली. कॅन्सरच्या गाठीवर बाहेरून किरण सोडणारं ते धूड. पेशंट लोक त्याला 'लाइट' म्हणायचे. लाइट घ्यायला आलोय, आज तिसरा लाइट झाला, असं. डॉक्टरबाईंनी गोरक्षला महिनाभर मुंबईला धाडून यंत्र चालवायला शिकवून आणलं. चालवणं अवघड नव्हतंच हो. बटण दाबायचं, घड्याळ लावायचं, दार लावून बाहेर यायचं. अवघड होतं ते नेम धरणं. गाठ आत, ती दिसत नाही. किरण बाहेर, ते तर कुणालाच दिसत नाहीत. म्हणून आधी साध्या एक्स-रेवर गाठ शोधायची. मग पेशंटच्या कातडीवर शिशाची तार चिकटवून पुन्हा एक प्लेट काढायची. तारेचा आणि गाठीचा मेळ बसला की त्या जागी जांभळ्या औषधानं चौकोन आखायचा आणि रोज त्या चौकोनावर किरण सोडायचे. एवढ्यावर भागत नाही. दर सोमवारी कोबाल्टखालीच, पेशंटच्या पाठीशी प्लेट ठेवून, क्षणभर किरण सोडून ते खरोखर कुठे पडतायत ते बघायचं. ही चेक प्लेट.

आणि ही चेक प्लेटच गोरक्षच्या डोक्यात जायची.

"बाई, ही काय प्लेट झाली? राख फासल्यासारखी दिसतीय," पहिलीच प्लेट बघून तो म्हणाला होता.

"कोबाल्टची प्लेट अशीच येते. तुम्ही हाडं शोधू नका, गोरक्ष. हाडं यात धड दिसायचीच नाहीत. श्वासनळी बघा."

"कुठाय?"

बाईंनी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाखवलं. "ही काळपट पट्टी वरून खाली येते. इथे तिचे दोन फाटे होतात. गलोलीची बेचकी असते ना, तशी. ही बेचकी चौकोनात कुठे आलीय, तेवढंच बघायचं. पहिल्या दिवशी मधोमध असेल, तर प्रत्येक सोमवारी मधोमधच दिसली पाहिजे. वर नाही, खाली नाही. दिसली?"

"दिसली बाई."

आता खरं सांगायचं तर त्याला दिसली नव्हती. त्या दिवशी नाही, आणि पुढेही कधी धड नाही. पण अकरा वर्षं प्लेटा काढणाऱ्यानं 'मला दिसत नाही' म्हणायचं? तेही एका प्लेटेपुढे? त्यानं मान हलवली, जिभेनं टक् केलं आणि विषय मिटवला. बाईंना वाटलं, शिकला.

त्यात त्र्याहत्तरचा उन्हाळा. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी दगा दिलेला. प्लेट धुवायला वाहतं पाणी लागतं, चांगलं अर्धा तास, आणि हॉस्पिटलच्या नळाला नुसती हवा यायची. टँकर दिवसाआड. वॉर्डातल्या बायका घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायला निघालेल्या, आणि इकडे डार्करूमला दिवसाला तीन बादल्या. त्या तीन बादल्यांत मोडलेली हाडंही बघायची, छातीचे फोटोही काढायचे आणि ह्या राखेच्या प्लेटाही धुवायच्या. गोरक्ष चिडायचा. त्या बादल्यांकडे बघूनच त्याचं डोकं फिरायचं.

मार्चमध्ये शेवगावहून खाजाभाई आला.

खाजाभाई शिंपी. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळा, छातीची कातडी सैल पडलेली, पण हाताची बोटं अजून तरणीताठी. सोबत बायको, मुबारकबी. बगलेत गाठोडं आणि गाठोड्यात गिऱ्हाइकांच्या मापांची वही, कारण खाजाभाई माप घ्यायचा आणि वहीत उतरवायची ती. घास अडकतो म्हणून तीन महिने घरगुती उपाय झाले, मग इथे. बाईंनी त्याला पांढरं बेरियमचं दूध पाजून एक्स-रे काढला, तेव्हा अन्ननळीत छातीच्या मध्यावर गाठ निघाली.

"गाठ अजून पसरलेली नाही," बाईंनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं. "तीस लाइट देऊ. सहा आठवडे. नेम नीट बसला तर घास उतरेल. वर्षानुवर्षं घास उतरत राहिलेली माणसं मी बघितलीत."

"आन् न्हाई बसला तर?" मुबारकबीनं विचारलं.

"बसवू. त्यासाठीच तर गोरक्षभाऊ आहेत."

गोरक्षची छाती तेव्हा दोन बोटं फुगली होती, हे त्याला नंतर फार दिवस आठवत राहिलं.

खाजाभाई माणूस मोठा गमत्या. रेशनवर तेव्हा ती तांबडी मिलो मिळायची, परदेशी ज्वारी, जनावरंसुद्धा तोंड फिरवायची. खाजाभाई म्हणायचा, "मला गिळता येत न्हाई ते बेस झालं. बाकी गावाला बिचाऱ्याला गिळता येतं, आन् गिळवत न्हाई." मग हसता हसता खोकला यायचा. "ह्यो लाइट संपला की मुबारकच्या हातची आपली पांढरी ज्वारी. कुठनं बी पैदा करीन. एक चतकोर भाकर, बास. पान्यात कालवून न्हाई, चावून."

टेबलावर निजता निजता तो गोरक्षच्या पोटाकडे बघायचा. "गोरखभाऊ, तुमच्या ह्या पांढऱ्या कोटाची बटनं जीव मुठीत धरून बसल्यात वो. कुनी शिवला ह्यो?"

"हॉस्पिटलचा हाय. आयता."

"तरीच. मी शिवतो तुमाला. कापड जरा जास्त लागंल, ते राहू द्या. आन् तारीख सांगंन त्या तारखेला. चाळीस वर्सांत खाजा टेलरची तारीख चुकली न्हाई, इचारा शेवगावात."

पहिला आठवडा नीट पार पडला. बाईंनी स्वतः चौकोन आखला, चेक प्लेटही स्वतः बघितली. बेचकी मधोमध. शनिवारी दुपारच्या एस.टी.नं नवराबायको शेवगावला गेले, कारण रविवारी दुकान उघडायलाच हवं होतं, लोकांची कापडं अडकून पडलेली. सोमवारी परत आले तर चौकोन गायब. पत्र्याचं दुकान, दिवसभराचा घाम, त्यात लोटाभर पाण्यानं का होईना अंग पुसायची सवय. जांभळ्या औषधाचा मागमूस नाही.

झालं! पुन्हा बेरियम, पुन्हा शिशाची तार, पुन्हा दोन प्लेटा, पुन्हा चेक. दिवसाचं सगळं पाणी एकट्या खाजाभाईवर गेलं. बाहेर मोडक्या पायाचा एक म्हातारा पाच तास ताटकळला. गोरक्षच्या तोंडाचा पट्टा सुटला. "आवो, जरा जपायचं ना! हितं प्यायला पानी न्हाई आन् तुमच्यापायी तीन बादल्या गेल्या!"

खाजाभाई शरमला. चौकोन नव्यानं आखून झाल्यावर टेबलावर निजल्या निजल्याच त्यानं मुबारकबीला हाक मारली आणि गाठोड्यातून कागद मागवला. खाकी, जाड, शिंपी कापड बेतायला वापरतात तो.

"गोरखभाऊ, ह्यो कागद माझ्या छातीवर धरा. वरचं टोक हितं कंठाखालच्या खळगीत. हां. आता सपाट दाबा. आता चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर पेन्सिलीनं भोकं पाडा. हळू, माझ्या छातीला न्हाई, कागदाला!"

गोरक्षनं पाडली. खाजाभाईनं उठून कात्रीनं कागदाच्या कडा साफ केल्या, वरच्या टोकाला खळगीत बसेल अशी गोल खाच दिली आणि कागद उजेडात धरून बघितला. "घ्या. झाला खाका. आता पुसू दे किती बी पुसायचं ते. दर रविवारी मुबारक खाका लावंल आन् भोकांतून ठिपके दिऊन आखंल. तुमचा एक थेंब पानी वाया जायचा न्हाई."

किरण पाठीमागूनही सोडायचे असत; पाठीवरच्या त्या खुणाही दोघांनी पुढच्या मापावरून धरल्या. गोरक्षला ती अक्कल फार आवडली. त्यानं जांभळ्या औषधाची छोटी बाटलीच मुबारकबीला देऊन टाकली आणि खाका नेऊन बाईंना दाखवला.

बाई ओपीडीच्या गर्दीत होत्या. "हुशार आहे म्हातारा," त्या म्हणाल्या. "पण खुणा कुणीही आखल्या तरी सोमवारची चेक प्लेट सोडायची नाही. कळलं?"

"कळलं बाई."

तिसऱ्या सोमवारी खाजाभाईनं सदरा काढला आणि गोरक्ष बघतच राहिला. काय चौकोन होता! कंपासपेटी घेऊन बसलं तरी असा जमायचा नाही. कोपरे काटकोनात, रेघ कुठे थरथरलेली नाही. मुबारकबी दारातून बघत होती. "बराबर हाय ना भाऊ? मी दाराच्या उजेडात ह्यांना सरळ हुबं केलं, खाका लावला, मग काढलं."

"एक नंबर, मुबारकभाभी."

त्या दिवशी टँकर आला नव्हता. डार्करूममध्ये एकच बादली. खाजाभाईची चेक प्लेट काढायची का? त्यानं चौकोनाकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. राखेत बेचकी शोधत बसायचं, आणि ती दिसणार नाहीच, आणि बाईंना खोटं 'दिसली' म्हणायचं. त्यापेक्षा हा चौकोन काय वाईट होता? निदान डोळ्यांना दिसत तरी होता. त्यानं प्लेट काढली नाही.

संध्याकाळी बाईंनी जाता जाता विचारलं, "खाजाभाईंचं ठीक?"

"सगळं जागेवर हाय, बाई."

चौथ्या सोमवारी टँकर आला होता. तरी त्यानं काढली नाही. पाचव्या सोमवारी तर त्याला आठवणही झाली नाही.

मधल्या दिवसांत खाजाभाईची तब्येत उतरली तरी घसा सुधारला होता. पेज उतरायची, चहा उतरायचा, एकदा तर अंड्याचा बलक. मुबारकबीनं ही बातमी वॉर्डभर केली. पाचवा आठवडा लागला तसा तो गप्प व्हायला लागला. शुक्रवारी, पंचविसावा लाइट झाल्यावर, तो टेबलावर बसून राहिला आणि छातीच्या हाडाच्या पार खालच्या टोकाला एक बोट लावून म्हणाला, "गोरखभाऊ, गंमत बघा. वर मोकळं झालंय. पानी हितवर झ्याक येतं. आन् मग हितं अडतं. आधी वर अडायचं. आता खाली अडतंय."

गोरक्षनं त्या बोटाकडे बघितलं. मग चौकोनाकडे बघितलं. चौकोनाची खालची रेघ बोटाच्या बरीच वर होती.

"जरा परत निजता का, चाचा?" तो म्हणाला.

त्यानं प्लेट लावली, किरण सोडले, डार्करूममध्ये जाऊन असेल नसेल ते सगळं पाणी त्या एका प्लेटेवर घातलं. बाहेर येऊन खिडकीला धरली. आणि काय सांगावं, जी बेचकी त्याला दोन वर्षांत धड दिसली नव्हती, ती त्या दिवशी पहिल्या नजरेत दिसली. करड्या राखेत काळपट पट्टी, तिचे दोन फाटे. मधोमध नाही. पार खाली, चौकोनाच्या तळाशी, आता पडते की मग पडते अशी. जीभ टाळ्याला चिकटली, टक् कसलं करतोय!

किरण दोन बोटं वर पडत होते. गाठीचं खालचं टोक गेले तीन आठवडे कोरडंच होतं.

तो प्लेट घेऊन बाईंकडे गेला. बाईंनी ती खिडकीला धरली. त्यांना अर्ध्या मिनिटाचाही वेळ लागला नाही.

"या सोमवारची कुठे आहे?"

"काढली न्हाई, बाई."

"त्याच्या आधीच्या?"

"त्या बी न्हाईत," गोरक्ष म्हणाला. बाईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या, प्लेट तोंडावर फेकली असती, तरी त्यानं आनंदानं झेलली असती. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या.

"मी तरी कुठे विचारलं, प्लेट दाखवा म्हणून," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात जागेवर आहे, मी म्हटलं बरं."

मुंबईला ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला. बाईंनी आपल्या जुन्या सरांना सगळं सांगितलं, ओरडून ओरडून, कारण लाइन खरखरत होती. त्यामुळे ते बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं, फक्त कुणाला समजलं नाही. गोरक्षला समजलं. जिथे किरण पडायला नको होते तिथे पडलेले परत घेता येत नाहीत. मधल्या भागाला पुरेसे झाले, तिथे आता आणखी दिले तर मणक्यातली दोरी जळेल आणि म्हाताऱ्याचे पायच जातील. खालच्या टोकाला हवे तेवढे मिळाले नाहीत, आणि तीन आठवड्यांत गाठीनं तिकडे हातपाय पसरले. खालची पट्टी तेवढी वेगळी धरून दहा लाइट द्या, सर म्हणाले, पण फार आशा धरू नका.

"काहीच न्हाई का करता येनार, बाई?" गोरक्षनं विचारलं.

"दहा लाइट देता येतील," बाई म्हणाल्या. "आणि दर वेळी प्लेट काढता येईल."

त्याच दिवशी नवी खूण आखली. छोटी, आडवी, जुन्या चौकोनाच्या खाली. बाईंनी खाजाभाईला एवढंच सांगितलं की नेम थोडा सरकला होता, आता खालच्या बाजूला लाइट द्यायचे आहेत. खाजाभाईनं हनुवटी छातीला टेकवून जुन्या रेघा आणि नव्या रेघा बघितल्या. बोटानं मधलं अंतर मोजलं. एक बोट, दुसरं बोट. चाळीस वर्षांचा शिंपी तो, त्याला आणखी काय सांगायचं?

"खाका कुठाय, मुबारक?" तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो खाका त्याच्या उशाशी असायचा. नवराबायको उतरले होते त्या हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसून तो कागद छातीला लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. कधी बसून, कधी भिंतीला टेकून. गोरक्ष येता-जाता बघायचा आणि तोंड चुकवून दुसऱ्या दारानं जायचा. पण दुपारी टेबलावर गाठ पडायचीच. रोज तो प्लेट काढायचा. रोज प्लेट बिनचूक. बेचकी हवी तिथे, खूण हवी तिथे. बाईसुद्धा म्हणाल्या, यापेक्षा चांगली चेक प्लेट मुंबईतही निघत नाही. त्या बिनचूक प्लेटा बघून गोरक्षला रडू कोसळायचं. शिकला होता तो, छान शिकला होता. खाजाभाईला आता पाणीसुद्धा उतरत नव्हतं. पोटातून नळी घातली होती आणि मुबारकबी त्यातून ताक सोडायची. आवाज बसला होता.

दहावा लाइट मेच्या एका दुपारी झाला. यंत्र बंद करून गोरक्ष आत आला, तर खाजाभाई टेबलावरून उतरून उभा. गळ्यात टेप, कानावर खडू. मुबारकबी दाराबाहेर बाकावर, मांडीवर मापांची वही.

"शर्ट काढा, गोरखभाऊ."

"कशाला, चाचा?"

"कोट शिवायचाय न्हव का. काढा. बनियान बी."

नाही म्हणायचं धैर्य गोरक्षला झालं नाही. तो उघडा उभा राहिला, थुलथुलीत छाती, सुटलेलं पोट. खाजाभाईनं त्याच्या कंठाखालच्या खळगीत बोट ठेवलं, तिथून खाली सहा बोटं मोजली आणि खडूनं छातीवर रेघ मारली. खडू गार लागला.

"आता निजा."

"चाचा, आवो..."

"निजा वो. हितंच, टेबलावर."

गोरक्ष त्या टेबलावर जन्मात कधी निजला नव्हता. लाकूड पाठीला टोचलं. वर यंत्राचं भलंमोठं डोकं, बरोबर छातीवर. शेकडो माणसांना त्यानं इथे निजवलं होतं, पण इथून ते एवढं मोठं दिसतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

खाजाभाईनं पुन्हा खळगीत बोट ठेवलं. पुन्हा मोजलं. मग ते बोट तिथेच ठेवून थांबला.

"किती आली?" गोरक्षनं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"हुबं असताना सहा. आता चार आन् वर थोडं." त्याचा आवाज घोगरा, फाटलेला, पण समाधान झाल्यासारखा. "तुमी निजलात का कातडी वर सरकती. धा दिवस मी ह्योच इचार करतोय. खाका आपन बनवला मी निजल्यावर. आन् मुबारक लावायची मला हुबं करून. आडव्याचं माप हुब्याला लावलं. ह्येच चुकलं." त्यानं मान हलवली. "चाळीस वर्सं हुब्या मानसाची मापं घेतली, भाऊ. आडव्याचं माप कधी घेतलंच न्हाई. आडव्याला जे कापड लागतं ते बिनशिलाईचं कफन. त्याला शिंप्याचं काय काम?"

गोरक्ष उठायला लागला. खाजाभाईनं तळहातानं त्याला मागे दाबलं.

"चाचा, ऐका माझं. चूक तुमची न्हाई. मी प्लेट काढायला पायजे हुती. तीन सोमवार काढली न्हाई. पान्यामुळं बी न्हाई, पानी हुतं. मला ती प्लेट वाचताच येत नव्हती. बाईंना खोटं सांगितलं मी, येती म्हनून. एक प्लेट काढली असती तर तुमी आज..."

खाजाभाई ऐकत होता. ऐकलं त्यानं सगळं. मग मायेनं हसला. त्या हसण्याचीच गोरक्षला भीती वाटली.

"तुमच्या प्लेटीतलं मला काय कळतं?" तो म्हणाला. "कागद मी कापला. कापड चुकीचं बेतलं तर मशीनीला कोन बोल लावतं? माझाच हात चुकला. ह्याच हातानं चुकला."

"न्हाई वो, चाचा!"

"हलू नका. छाती घ्यायची राहिली."

गोरक्ष हलला नाही. हलू नका, एवढं एकच वाक्य तो दिवसभर लोकांना सांगायचा. डोळ्यांतून पाणी निघालं ते सरळ कानात गेलं आणि हात दोन्ही बाजूंना तसेच राहिले. खाजाभाईनं टेप त्याच्या पाठीखालून सरकवला, पुढे जुळवला, मग उभं करून पुन्हा मोजलं. दोन्ही आकडे. दाराकडे तोंड करून त्यानं ते एकेक सांगितले आणि बाहेर मुबारकबीनं ते एकेक लिहिले. छाती. पोट. बाही. कोटाची उंची.

"नाव काय लिहू?" तिनं विचारलं.

"गोरखभाऊ. नगर."

"आन् तारीख?"

खाजाभाईनं टेप गळ्यातून काढला. बोटांभोवती गुंडाळायला लागला, नीट, एकावर एक.

"तारीख काय लिहू वो?" मुबारकबीनं पुन्हा विचारलं.

"तारीख नको लिहू," तो म्हणाला.